न वाजणारा फोन

त्या सोमवारी बाबांचा समुद्रतळावरून फोन आला, तेव्हा इरावती उकडलेलं अंडं सोलत होती.

"मीठ कमी घे गं," बाबा म्हणाले.

"खाऱ्या पाण्यात राहणाऱ्यांनी बोलू नये." दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी समुद्राचा तळ हादरला. बाबा काम करत त्या समुद्राखालच्या स्थानकातले इतर दोघे वर आले. बाबा आतल्या कक्षात अडकले. बचावाची पाणबुडी कोणत्या दाराला लावायची, हे आता फक्त तेच सांगू शकत होते. दारामागे पाणी भरलेलं असलं तर... हे वाक्य कुणीच पूर्ण करत नव्हतं.

किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात मालतीमावशी फोन लावत होती. तिथली संदेशयंत्रणा तीच सांभाळायची. 'आहेस का?' असं विचारलं की खालचं यंत्र लगेच 'आहे' म्हणे. फोन मात्र लागत नव्हता.

इरावती तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "यंत्र बोलतं, मग बाबा का उचलत नाहीत?"

"फोन वाजतच नाहीये. वाजला असता तर यंत्रानं तसं कळवलं असतं."

"काल तर नीट लागला होता. आज तू वेगळं काय पाठवतेस?"

मावशीचे हात थांबले. "फोन जोडण्याआधी निमंत्रण-संदेश जातो (कोण, कुणाशी, कसं बोलणार, हे सांगणारा मजकूर). आज घाबरून आम्ही त्याला नकाशा जोडला, अपघाताची जागा जोडली, वरून सुरक्षेची सही. लागला नाही, म्हणून आणखी जोडलं."

"मग काय होतं?"

"एका पॅकेटमध्ये (माहितीच्या पाकिटात) तो मावत नाही. वाटेत त्याचं विखंडन होतं (तुकडे पडतात). पहिल्या तुकड्यावर पूर्ण पत्ता असतो, म्हणजे इमारत आणि खोली, दोन्ही. मागच्यांवर नुसती इमारत. दारावरचा पहारेकरी (नको ती माहिती अडवणारी प्रणाली) विचारतो, खोली कोणती? उत्तर नाही, म्हणून तो तुकडे फेकून देतो. आणि एक तुकडा हरवला की सगळा संदेश बाद."

"'आहेस का' एवढुसं आहे, म्हणून जातं," इरावती हळूच म्हणाली. "मग काढ ना तो नकाशा."

मावशीनं सगळं काढलं, फक्त नावं राहू दिली आणि संदेश पुन्हा पाठवला. "पुढच्या स्थानकांत मोठ्या संदेशांसाठी आधी पक्की जोडणी करू. मग प्रत्येक पाकिटावर खोली असेल आणि हरवलेलं पुन्हा जाईल."

पडद्यावर अक्षरं उमटली : वाजतो आहे.

वाजत राहिला. कुणी उचलेना. इरावतीनं मावशीचा पदर मुठीत धरला.

"डावं दार," खरखरत आवाज आला. "डावं कोरडं आहे."

मावशीनं पाणबुडीला कळवलं, ती निघाल्याची खात्री केली आणि फोन इरावतीच्या कानाला लावला.

"इरू, जेवलीस का?"

आजवर प्रत्येक वेळी तिनं त्यांना हसत निरोप दिला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खाली गेलात की मला भीती वाटते. दर वेळी वाटते."