मंगरूच्या बाजूची जागा

पोट्टेहो, फेका मारायची मले सवयच आहे. सारं सेलू गाव जानते.

पन हे खरं आहे. या डोयानं पाह्यलं.

मागच्या उन्हाळ्यात. भर दुपारी. आमच्या टेकाडावर.

आमच्या लोकायत मेलेल्याले जाळत नाई, पुरते. एक पावसाळा गेला का वरची माती खाली बसते. मंग घरचे जाऊन टोपलंभर माती टाकते. अन् नवऱ्याच्या बाजूले बायकोची जागा सोडते. तिथं कोनी फावडं लावत नाई.

माया धाकटा देर मंगरू. त्याले जाऊन वर्स झालतं. त्याची बायको भागीरथा, तिचा मोठा लेक नागेश अन् मी, माती टाकाले गेलतो.

मरताना मंगरू भागीले म्हने, "बाजूची जागा तुही. दुसऱ्या कोनाची नाई."

रस्ताभर ती तेच सांगून राह्यली होती.

मी म्हनलं, "जितेपनी बाजेवर जागा देत नव्हता, आता लय उदार झाला!"

भागी हासली.

मंग टेकाडावर पोचताच थांबली...

मंगरूची माती बसली होती. ते ठीक.

बाजूचीबी बसली होती.

मानसाएवढी. लांब.

"नागेश, इथं कोनाले पुरलं रे?"

"कोनालेच नाई, आई. बाबानंतर इथं कोनी आलंच नाई."

वर जुनं गवत होतं, मुळासकट. फावडं लागलंच नव्हतं.

नागेशनं हातातली लोखंडी सब्बल मातीत टोचली. ती सर्रकन आत गेली...

पाखरं चूप झाली.

अन् खालून... बांगड्या वाजल्या. काचेच्या. झोपेत कूस बदलताना वाजते तशा.

नागेश सब्बल सोडून पयाला. मी त्याच्याबी पुढं. खोटं काऊन सांगू? बोरीच्या झाडाआड जाऊन थांबलो.

भागी पयाली नाई. मंगरूच्या मातीपाशी बसली.

"कोन आहे थे?"

तिनं मातीवर हात ठेवला.

"मायी जागा देली तू. मले सांगाचं तरी होतं."

मंग मंगरूच्या मातीतून... खोकला आला.

त्याचाच. चोरी पकडली का खोकलायचा, तसा.

भागीनं टोपलं उचललं. माती ना त्याच्यावर टाकली, ना तिच्यावर. घरी घेऊन आली. पानीबी पेली नाई.

"मी मेली का मले खालच्या अंगाले पुरजो," नागेशले म्हने. "एकटीले."

थंडीत गेली बिचारी. नागेशनं तसंच केलं.

आजूबाजूच्या गावात इचारलं. कोनाची बाई हरपली नाई. अन् ते उकरून पाहाची कोनाची हिंमत नाई.

माया बुढाबी त्याच टेकाडावर आहे, वरच्या अंगाले. त्याच्या बाजूची जागा मायी.

नात रोशनी म्हनते, "आजी, एक डाव पाहून ये ना."

नाई गेली मी.

टेकाडाच्या वाटेनं शेन वेचालेबी जात नाई आता.