जिवंतांच्या यादीतली सातवी मारिया

लाकडं जरा मागे ओढा रे. बोकड जाळायचा नाहीये, शिजवायचाय. उद्या सणाला दुपारी सगळं बेट जेवणार, तेव्हा पहाटेपर्यंत आपली काही या कढयांपासून सुटका नाही. लेमोनिया, तू अशी भिंतीच्या आड ये, तिथे वारा लागतो. किती वाजले? पावणेदोन? त्या रात्रीही एवढेच वाजले होते.

कुठल्या म्हणजे? चार वर्षांपूर्वीची, अशीच चौदा ऑगस्टची रात्र. रविवार होता. माझ्या शेजारचा झानीस, पुस्तकं लिहिणारा, त्याच्या बाबतीत घडलं. यातलं काही माझ्या डोळ्यांदेखत झालं, उरलेलं त्यानं मला नंतर सांगितलं. खोटं वाटलं तर वाटू द्या, माझं काही म्हणणं नाही.

झानीस मूळचा अथेन्सजवळच्या पिरेअसचा. पंचविशीत उन्हाळ्याचा पोहायला म्हणून आला, आमच्या मारूसोच्या हाती लागला आणि इथलाच झाला. मारूसो होड्यांवर नावं रंगवायची. बंदरातल्या निम्म्या होड्यांवर अजून तिचंच अक्षर आहे, शेवटच्या अक्षराला माशाचं शेपूट काढलेलं. ती लाकडावर लिहायची, हा कागदावर. गाव त्याला छळायचं. "काय लेखक, आज किती झालं?" "एक पान." "एकच? मी तेवढ्यात दोन बोकड सोलले की!" तो हसायचा. तेव्हा हसायचा.

त्याच्या आदल्या ऑगस्टच्या सणाला मारूसो नाचात सगळ्यांत पुढे होती, चपला काढून. आणि दहा दिवसांत आजारी पडली. छातीत दुखायला लागलं म्हणून शेजारच्या मोठ्या बेटावर दवाखान्यात नेलं. झानीस मंगळवारच्या बोटीनं जाणार होता. फोनवर तीच म्हणाली, "पुस्तकाचं प्रकरण संपव आणि उद्या ये. मी काय, पडूनच आहे." तो राहिला. बुधवारी वारा सुटला. आमचा ऑगस्टातला वारा तुम्हाला काय सांगायचा! तीन दिवस बोट नाही. गुरुवारी रात्री ती गेली. शनिवारी बोट आली, तिच्यातूनच तिलाही आणलं.

तो रडला नाही. धक्क्यावर नाही, कबरीपाशीही नाही. लोक म्हणाले, दगड आहे. दगडबिगड काही नाही, बधिर झाला होता. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपला गाल कसा आपला वाटत नाही, तसा तो अख्खा माणूस झाला. सकाळी उठायचा, कॉफी करायचा, बेकरीतून सवयीनं दोन पाव आणायचा आणि एक माझ्या कोंबड्यांना टाकायचा. टेबलाशी बसायचा, उठायचा. खालच्या खाडीत पोहून यायचा, पण पाणी गार होतं का असं विचारलं तर सांगता यायचं नाही. अथेन्सहून प्रकाशकाचे फोन यायचे, तेही बंद झाले. वर्षभरात त्यानं काय लिहिलं असेल, तर आमच्या आळीची यादी.

यादी तुम्हाला माहीतच आहे. दोन कागद, दोन्हींच्या माथ्यावर क्रूस. एकावर जिवंतांची नावं, त्यांच्या प्रकृतीसाठी. दुसऱ्यावर गेलेल्यांची, त्यांच्या विसाव्यासाठी. चर्चमध्ये फादर वाचतात. आमच्या वरच्या आळीत सगळ्या म्हाताऱ्या, कुणाला दिसत नाही, कुणाचा हात थरथरतो. "एवढी पुस्तकं खरडतोस, आमची चार नावं लिही," असं म्हणून हे काम कधीपासून लेखकाच्याच गळ्यात.

त्या चौदा तारखेला, दिवस मावळायच्या आधी, पलीकडच्या फोतिनीकाकूनं त्याला हाक मारली. सणाचे पाव आणि यादी फादर लिनार्दोसना पोचवायची होती. काकू नव्वदीची, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली.

"वाच बघू," ती म्हणाली. "माझं कुणी राहिलं नाही ना?"

तो गेलेल्यांचा कागद वाचू लागला. काकूचा नवरा, दोन दीर, बहिणी. प्रत्येक नावाला तिनं छातीवर क्रूस केला. शेवटी म्हणाली, "आणि आपली मारूसो?"

"मारिया," तो वाचल्यासारखं म्हणाला.

कागदावर ते नाव नव्हतं.

मारूसो हे लाडाचं. यादीत बाप्तिस्म्याचं नाव लागतं, आणि ते मारिया. ती गेल्यावरच्या पहिल्याच यादीत त्याचा हात सवयीनं तिचं नाव जिवंतांत लिहून गेला होता. मग ते खोडवेना. पुढच्या रविवारी त्यानं जाणूनबुजून लिहिलं. मग दर रविवारी. आमच्या आळीत मारिया सहा. त्यानं सगळ्या मारिया एकाखाली एक घातल्या होत्या, आणि सातवी तिथेच, त्यांच्याच रांगेत, शेवटी. फादर भराभर वाचायचे, ज्या त्या मारियाला आपलं नाव ऐकू यायचं. सात झाली की सहा, हे मोजतो कोण?

काकूनं त्याचा हात धरून ठेवला. "एक विचारू? रागावू नकोस. रात्री तुझ्याकडे कोण येतं रे?"

"माझ्याकडे कोण येणार?"

"डोळे गेलेत, कान शाबूत आहेत माझे. आधी फक्त रविवारी यायची. या महिन्यात रोज. अनवाणी येते, दाराशी उभी राहते, जाते. बाईमाणसाचं पाऊल मला कळतं." मग हळूच म्हणाली, "निदान वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस, झानीस."

दुसरा कुणी असता तर भडकला असता. याला रागही आला नाही आणि लाजही वाटली नाही. "वारा असेल, काकू," एवढं म्हणून त्यानं पाव उचलले. पण अंगणाच्या फाटकाची कडी सकाळी उघडी दिसते, हे त्याला ठाऊक होतं. आधी सोमवारी सकाळी दिसायची. या महिन्यात रोज. आणि ऑगस्टचे पहिले चौदा दिवस संध्याकाळची प्रार्थना रोज असते आणि तिच्यात फक्त जिवंतांचीच नावं वाचतात, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यानं दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्या संध्याकाळी चौक माणसांनी फुलला होता. चर्चच्या भोंग्यातून नावं ऐकू येत होती. आमच्या आळीची पाळी आली. मारिया, मारिया, मारिया... झानीस भिंतीशी उभा राहून मोजत होता. सातवी झाली, तसा त्यानं श्वास सोडला. फादरनी सगळे कागद पत्र्याच्या डब्यात घालून वेदीपाशी ठेवले, सकाळी पुन्हा वाचायला. दहाला चर्चला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या कमरेला. हे मी पाहिलंय, लक्षात ठेवा.

मग वाद्यं सुरू झाली. मी दोन राकी पोटात टाकून झानीसला ओढलं. "चल, मेल्या! वर्षभर भिंती धरून उभा आहेस." तो आला. माझा हात त्याच्या डाव्या हातात. उजवा हात मोकळा होता, तिकडे कुणी तरी येईल म्हणून त्यानं पुढे केला. रिंगण फिरू लागलं. दोन फेऱ्या झाल्यावर मी सहज पाहिलं.

त्याचा उजवा हात खांद्याइतका वर होता. मूठ कशाभोवती तरी मिटलेली. त्याच्यापुढे माणसाएवढी जागा रिकामी. त्या जागेपलीकडे कोळ्याचा पोर नाचत होता, आणि त्याचाही हात तसाच, मागे धरलेला. दोघांच्या मध्ये कुणीच नाही. पण रिंगण तुटत नव्हतं. जागा... नाचत होती.

मी म्हटलं, राकी चढली. आणि नजर फिरवली. पोरांनो, मला लाज वाटते, पण मी नजर फिरवली.

झानीसनं मला नंतर सांगितलं. हातात हात आला, तेव्हा त्यानं वळून पाहिलं नाही. गरज नव्हती. टर्पेंटाइनचा वास येत होता, तिच्या ब्रशांचा.

दीडच्या सुमारास तो एकटाच घराकडे निघाला. वरच्या आळीची वाट कबरस्तानाच्या भिंतीलगत जाते. तिसऱ्या वळणापर्यंत दिवे आहेत. पुढे नाहीत. तिथे त्यानं घड्याळ पाहिलं, पावणेदोन. खालून वाद्यं ऐकू येत होती. मग वळणाआड तीही थांबली.

मागे पावलं.

अनवाणी.

तो थांबला. पावलं थांबली. तो चालू लागला... तीही.

तो घाबरला नाही. मला त्या रात्रीचं सगळ्यांत भयंकर काही वाटत असेल तर हेच. आतून काही हललंच नाही त्याच्या. फाटक उघडून तो आत आला, घराच्या दाराशी पोचला, दार ढकललं आणि पाठमोराच म्हणाला, "आत ये."

पावलं मागेच थांबली.

"ये ना."

"...येता येत नाही."

आवाज तिचाच. पण दमलेला. चढावर पाणी वाहून आणल्यासारखा.

"रोज हाक मारतोस. उठते. चालत येते. उंबऱ्याशी पाय अडतात... परत जाते. जाऊन पडते न पडते, तोच पुन्हा हाक."

तो म्हणाला, "मंगळवारी मी यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

एवढंच. तिनं समजूत घातली नाही. नाही म्हणाली नाही.

"मला कुठे लिहिलंस?"

"...जिवंतांत."

"आणि स्वतःला?"

झानीस उत्तर द्यायला गेला. आणि त्याच्या लक्षात आलं. वर्षभर आळीतल्या एकूण एक माणसाचं नाव त्यानं लिहिलं होतं. फोतिनीकाकूच्या अमेरिकेतल्या पणतवंडाचंसुद्धा. स्वतःचं... एकदाही नाही. या कागदावर नाही. त्या कागदावर नाही.

"कुठेच नाही," तो म्हणाला.

मग तो वळला.

अंगण रिकामं. फाटकाची कडी नुसती हलत होती. त्या घडीला वारा अजिबात नव्हता, हे काकूही सांगते.

तो आत जाऊन टेबलाशी बसला. कोरी चिठ्ठी घेतली, माथ्यावर क्रूस काढला. हा गेलेल्यांचा कागद. खाली एकच शब्द लिहायचा होता. चारशे पानांची पुस्तकं लिहिलेला माणूस, पोरांनो, त्या एका शब्दाला उजाडलं. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा त्यानं लिहिलं, मारिया. शाई वाळेपर्यंत चिठ्ठीकडे बघत बसला आणि तसाच, कालच्याच कपड्यांत, चर्चला आला. मी दारातच होतो. चेहरा पांढराफटक. चिठ्ठी त्यानं फादरच्या हातात दिली आणि कालचा कागद मागितला. "त्यात एक चूक आहे, खोडायची आहे," म्हणाला.

"आता कुठे खोडतोस? घंटा झाली," फादर म्हणाले आणि आत गेले. कुलूप त्यांनीच उघडलं, माझ्यासमोर. डबा त्यांनीच उघडला.

फादर नावं वाचायला लागले. आमच्या आळीची पाळी आली. झानीस माझ्या शेजारी उभा होता, त्याची बोटं माझ्या दंडात रुतत होती. मारिया, मारिया... मी या खेपेला मोजत होतो, का ते विचारू नका. चार. पाच. सहा.

फादर थांबले.

कागद डोळ्यांजवळ नेला. इतक्या वर्षांत तो माणूस वाचताना कधी थांबला नव्हता.

"...झानीस," त्यांनी वाचलं.

आणि हा माणूस कोसळला. रडला म्हणजे कसा, गुरासारखा ओरडला. बायका धावल्या. कुणीतरी पाणी मारलं. "सोडा त्याला," मी म्हटलं. "वर्षाचं आहे, निघू दे." फोतिनीकाकू काठी टेकत आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिला रात्रीचं सगळं ऐकू गेलं होतं. "मी काय बोलले रे तुला," एवढंच म्हणत राहिली.

प्रार्थना संपल्यावर फादरनी तो कागद मला दाखवला. सगळी नावं झानीसच्या अक्षरात, काळ्या शाईची. सातव्या मारियाच्या जागी खाडाखोड नाही, खूणसुद्धा नाही. तिथे 'झानीस'. होडीवर लिहितात तसं, ब्रशनं, निळ्या रंगात. शेवटच्या अक्षराला माशाचं शेपूट.

मी काय केलं असेल? मारूसोच्या रंगाच्या डब्याकडे गेलो. झाकण वर्षभरात असं घट्ट बसलेलं, की पटाशीनं उचकटावं लागलं. आत रंगाचा दगड. ब्रश त्यात तसाच रुतलेला.

म्हणूनच सांगतो, मला विचारू नका.

नाही, झानीस इथून गेला नाही. ती पलीकडची कढई बघताय? तिथे कांदे सोलतोय, तोच. यादी अजून तोच करतो. सहा मारिया, सातवा झानीस.

त्या दिवशी फादर शेवटी सगळ्यांना पावाचा तुकडा वाटत होते. मी पुढे झालो. त्यांच्या अंगठ्याला निळं लागलेलं होतं, त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या तुकड्यावर अंगठा उमटला. तो मी खाल्ला नाही. रुमालात बांधून घरी नेला, देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय.

चार वर्षं झाली. पाव कधीच दगड झाला.

रंग... अजून बोटाला लागतो.