न्हाणीमागचा झेंडू

१९३७चा वैशाख. शहापूरच्या बाजारात राही करवंदं विकायला बसली होती आणि समोर एक तरुण केव्हाचा टक लावून उभा होता...

"करवंदं इथं हायेत," ती म्हणाली. "तुमी बघताय कुठं?"

"केसातला झेंडू बघतोय," तो गोंधळला. "अशा उन्हात जगला कसा?"

राहीचा जरा हिरमोडच झाला.

तो अनंता, मूळचा मुरबाडचा, तानसाजवळच्या एका बंगल्यावर माळी. पुण्याहून आणलेल्या बियांची रोपं दर उन्हाळ्यात विहीर आटली की करपायची. साहेबानं बजावलं होतं, पुढच्या वैशाखात फुलं दिसली नाहीत तर नोकरी गेली.

राहीनं त्याला सापगावला आपल्या घरी नेऊन मागच्या खडकावरचा झेंडू दाखवला. नदीवरून डोक्यावर आणलेलं पाणी फुलांना कोण घालणार? उन्हात तगतील त्याच रोपांचं बी तिची आई धरायची, बाकीची मेली तर मेली. आठ वर्षांत झेंडू बुटका झाला, पानं बारीक झाली, पण मोठा चिवट निघाला. आईबापाचा गुण पोरांत उतरतो तसंच हे, असं म्हणून अनंता हरखून हसला. त्याच्या गालाला खळी पडली आणि राहीचं बी द्यायचं मनच होईना. फुलं आली की हा पुन्हा कशाला येतोय?

न्हाणीमागं सांडपाण्यावर बाजारच्या हारातला, पाण्याला सोकावलेला झेंडू माजला होता. तिनं त्याचंच बी पुडीत बांधलं.

अनंता दर बाजाराला येई. पेरणी झाली, रोपं आली, कळ्या धरल्या... राही हसून ऐके, पण घरी तिला घास गोड लागत नसे.

पुढच्या वैशाखात बाग आठ दिवसांत करपली. साहेबानं अनंताला काढून टाकलं. निरोप घ्यायला आला तेव्हा तो म्हणाला, आपलंच काहीतरी चुकलं असेल. ते मात्र राहीला सोसवेना.

"तुमचं नाय चुकलं. मीच न्हाणीमागचं बी दिलं... जाणूनबुजून. फुलं आली असती तर तुमी आला नसतात—"

अनंतानं खांद्यावरचं गाठोडं खाली आपटलं. त्याला राग आला होता, आणि यायलाच हवा होता.

"चार कोस चालत मी झेंडूची खबर द्यायला यायचो, असं वाटलं तुला?"

राहीला मान वर करवेना.

"मुरबाडचं आमचं रान नुसता खडक हाय," तो हळूच म्हणाला. "पाणीही लांब."

राहीनं पदरानं डोळे पुसले.

"मी माझ्या आईचीच लेक हाय," ती म्हणाली. "तगंन."