पऱ्यावरचे दोन कू

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने देवरुखला यावं आणि आमच्या विनीतला विचारावं. तो आधी चिडेल, मग सांगेल.

मागच्या डिसेंबरातला शनिवार. भर दुपार.

महाबळेश्वरच्या गर्दीला कंटाळलेले लोक हल्ली आमच्या डोंगरात येतात, म्हणून मुंबईची नोकरी सोडून विनीतने होमस्टे काढला. पहिले पाहुणे संध्याकाळी येणार होते आणि नळाला टिपूस नव्हता!

पाणी वरच्या पऱ्यावरून, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यावरून, पाईपने येतं. तिथे मोबाईलला रेंज नाही. म्हणून वरच्याने सांधा जोडला की कू घालायचा. खाली टाकीत पाणी पडलं, तर खालच्याने एक कू द्यायचा. नाही पडलं, तर दोन.

टाकीपाशी वाडीतले म्हातारे धाकूकाका होते. विनीतने सुटलेला सांधा जोडला.

"कूऽऽ!"

थोड्या वेळाने उत्तर आलं...

कू. कू.

"च्यायला!"

तो वर चढला. पुढचा सांधा घट्टच होता. तरी त्याने तार आणखी आवळली.

कू. कू.

असं सात वेळा झालं. हात सोलले, चप्पल तुटली. हे नाही चाललं तर परत डोंबिवली, असं बायकोने, अक्षयाने, बजावलं होतं. रागाने त्याला रडू यायचं बाकी होतं.

मग त्याच्या लक्षात आलं...

पऱ्या वाहत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि धाकूकाका खाली होते. कू वरून येत होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. धाकूकाका! धापा टाकत होते.

"अरे पोरा, टाकी कवाची भरून व्हातेय! मी पयल्यालाच येक कू दिला. तू वर वर कुठं चाललास?"

"मग दोन कू कोण..."

काकांनी त्याच्या तोंडावर हात दाबला. "आता ओ देऊ नको."

विनीतच्या पुढ्यात, एका पावलावर, काळाभोर कोंड होता. तळ न दिसणारा डोह.

पाहुणे आले, खूश होऊन गेले. होमस्टे चालतोय. पण दर शनिवारी सांधा सुटतो. वाडीतलं कुणी सोबत येत नाही. विनीत एकटाच जातो, तोंड मिटून.

गेल्या खेपेला तो सांधा जोडत असताना वरून कू आला...

एकच. पाणी आलं का, म्हणून विचारतात तसा.

त्याने उत्तर दिलं नाही. कू पुन्हा आला, आधीपेक्षा जरा खालून.

"जाऊ नकोस रे," आज त्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो.

"नोकरी सोडून बसलोय," तो खेकसला. "न जाऊन करतो काय?"

उद्या शनिवार आहे.