शेवटच्या रिळाचा डबा

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला थाप वाटेल त्यानं अणदूरला महालिंगप्पाच्या हॉटेलात जावं आणि तिसरा कप कुणासाठी आणला होतास, एवढंच विचारावं. तो लगेच विषय बदलतो.

मागच्या मार्गशीर्षातला रविवार. दुपारचे चार.

एसटीतून निवृत्त झालेला राजपाल आणि त्याचा जिवलग पंचाक्षरी नेहमीच्या बाकावर बसले होते. विषयही नेहमीचाच, ऐंशीच्या दशकातले सिनेमे. कुठला व्हिलन भारी, कुठल्या भुताच्या हातात घड्याळ राहून गेलं होतं... यावरून भांडता भांडता चहाचं पाणी व्हायचं.

पंचाक्षरी तेव्हा तंबू टॉकीजचा ऑपरेटर. राजपालचा थोरला भाऊ श्रीपती सायकलवरून रिळांचे डबे आणायचा. खंडोबाची एकच मूर्ती जशी अणदूर आणि नळदुर्गनं महिने वाटून घेतलीय, तसाच सिनेमाही. काल नळदुर्गच्या तंबूत, आज अणदूरच्या.

शहाऐंशी साली एका भुताच्या हवेलीच्या सिनेमाचं शेवटचं रीळ पडद्यावर आलंच नाही. पब्लिकनं कनाती फाडल्या. श्रीपतीनं डबा वाटेतच विकला, असं पंचाक्षरीनं मालकाला सांगितलं.

श्रीपती आईची शपथ घेऊन ओरडत होता, "म्या ह्याच्या हातात दिला!"

पण बौद्धवस्तीतल्या माणसावर आळ घ्यायला पुरावा कोण मागतो? मालकाच्या माणसांनी त्याला झोडपलं. त्या रात्री तो सायकलवर बसून जो गेला, तो गेलाच. सायकल पुलाजवळ सापडली. तिची घंटी तेवढी नव्हती. आई 'चोराची आई' म्हणवून घेतच मेली.

तो सिनेमा पुन्हा कुठं लागला नाही. मोबाईलवरही मिळत नाही.

"शेवट काय असंल रे त्याचा?" राजपाल सहज म्हणाला.

"काय असणार? ती नवी सूनच भूत निघती. आरशात समदे दिसतेत, ती न्हाय."

राजपालचा कप ओठांपाशीच थांबला.

तेवढ्यात...

ट्रिंग... खट्.

चिरकलेली घंटी. श्रीपतीच्या सायकलची अशीच वाजायची. राजपालनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा. समोरचं कुत्रंही भुंकायचं थांबलं होतं.

"पंचाक्षरी, तू तर म्हणायचास, म्याबी शेवट बघितला न्हाय."

पंचाक्षरीनं कप खाली ठेवला.

महालिंगप्पा दुसऱ्या चहाचा ट्रे घेऊन आला. तीन कप.

"तिसरा कुणाला?" राजपालनं विचारलं.

"ते सायकलवाले हायत की. म्हणले, लवकर द्या, डबा पोचवायचाय..." त्यानं इकडं तिकडं बघितलं. "आत्ता तर इथंच हुते."

पंचाक्षरीनं रस्त्याकडं पाठ केली.

"डबा दिला हुता त्यानं," तो पुटपुटला. "दिवस मावळताना. मला शेवट आधी बघायचा मोह झाला. एकट्यानंच मशीनवर चढवला. पार शेवटाला रीळ अडकलं, मशीनच्या कार्बन दिव्याच्या आचेनं जळालं. मालकानं जित्ता सोडला नसता रे."

चाळीस वर्षं! याच बाकावर, याच माणसासोबत राजपालनं चहा प्यायला होता. पोरीच्या लग्नात पहिला आहेर याचाच घेतला होता.

"माझ्या भावाचा जीव घेतलास," तो कसाबसा म्हणाला. "आन् वर दोस्त म्हणवतोस?"

पंचाक्षरीनं डोळे पुसले. मग मान वर केली.

"खोटं म्या बोललो, व्हय. पर मार खाताना श्रीपती तुज्याकडं बघून म्हणला हुता, 'राजा, तू तरी सांग ह्यांना.' तू काय केलंस?"

राजपालला आठवलं.

त्यानं मान खाली घातली होती. दोस्त खोटं कशाला बोलेल, म्हणून.

तिसऱ्या कपाकडं दोघांची नजर एकदमच गेली. कप रिकामा होता... आणि ओला.

त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत. पंचाक्षरी सुखात आहे, खातो-पितो, झोपतो. त्याच्या दारात कधी काही वाजलं नाही.

राजपालच्या दारात वाजतं. दर रविवारी, दिवस मावळताना.

ट्रिंग... खट्.

तो दार उघडतो. अंगणात कुणी नसतं.

"दादा, तूच डबा दिला हुतास. मला ठाव हाय आता," तो रिकाम्या अंगणालाच सांगतो, गावाला नाही.

घंटी वाजतच राहते.