रविवारी दोन ते पाच

घंटा वाजली, लाल दिवे लागले, आडवा दांडा खाली आला आणि तेओनाच्या डोळ्यांदेखत कोनिंगिने पुलाचा रस्ता आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. खालून एक जहाज जायचं होतं. रॉटरडॅममध्ये जहाजाला वाट आधी, माणसाला नंतर. सगळे सायकलवाले एक पाय टेकून निमूट थांबले.

वरून पाऊस पडत होता. तोही धड पाऊस नाही, कुणी तोंडासमोर ओला पंचा झटकावा तसा. तेओनानं छत्री उघडली, वाऱ्यानं ती उलटी केली. तिनं सुलटी केली, वाऱ्यानं पुन्हा उलटी केली.

"तिसऱ्या वेळी मोडेल," शेजारून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. उंच, काटकुळा तरुण. नारिंगी जाकीट, चढवलेली पावसाळी पँट, हनुवटीवरून ठिबकणारं पाणी. चेहरा मात्र उन्हात बसल्यासारखा निवांत.

"इथं छत्री कुणी वापरत नाही," तो म्हणाला.

"मग पावसात काय करतात?"

"भिजतात." त्यानं तिच्या सायकलीकडे पाहिलं. "तुमची सीटही फार खाली आहे. गुडघे हनुवटीला लागत असतील."

तेओना मूळची बातुमीची, काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियातली. तिच्या गावात परका मुलगा आधी डोळ्यांची तारीफ करायचा. सीटपर्यंत गोष्ट कधी पोचायचीच नाही.

"अनोळखी बायकांना तुम्ही नेहमी असंच बोलता?"

"नाही. ज्यांची सीट खाली असते त्यांनाच."

त्यानं खिशातून पाना काढला आणि पूल खाली येईपर्यंत सीट चार बोटं वर केली. दांडा उचलला गेला, माणसं निघाली. तेओनानं पायडल मारलं, तर सायकल खरंच हलकी जात होती. तिला त्याचाच जास्त राग आला.

दोन आठवड्यांनी, त्याच वेळी, तो पुलाशी दिसला. पूल मात्र जागच्या जागी होता.

"आज उघडणार आहे का?" तिनं विचारलं.

"नाही." तो जरा थांबला... "मीच थांबलोय."

त्याचं नाव येल्ले. तो टगबोटीवर काम करायचा, मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढून आणायचं काम. एक आठवडा पाण्यावर, एक आठवडा घरी. तेओना कचेरीत बसून जहाजांचे नकाशे करायची. मालाचा कुठला डबा कुठे आणि कशावर ठेवला म्हणजे जहाज कलणार नाही, ते ठरवायची. तिनं नीट रचलेलं जहाज त्यानं ओढायचं. एकाच नदीवर दोन वर्षं दोघं काम करत होती आणि एकमेकांना ठाऊक नव्हती.

"कॉफी घेशील?" म्हणून त्यानं खिशातून डायरी काढली. "या गुरुवारी नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी, साडेसात ते साडेनऊ."

"साडेनऊला काय होतं?"

"तू घरी जातेस. सकाळी नोकरी असते ना तुला."

तेओना हसली खरी, पण मनात गोंधळली. बातुमीत ज्याला मुलगी आवडते तो न कळवता येतो, सोबत एक चुलतभाऊ आणि काखेत कलिंगड घेऊन. हे तीन आठवड्यांनी, दोन तास... याला म्हणायचं तरी काय?

पुढचे दोन महिने हा गोंधळ वाढतच गेला. येल्ले सगळं तोंडावर बोलायचा. तुझ्या सूपमध्ये मीठ जास्त आहे. हा पिवळा रंग तुला शोभत नाही. तू डच बोलतेस तेव्हा खडी उतरवल्यासारखं वाटतं. पण एकदा धक्क्यावर तिचे हातमोजे भिजले, तेव्हा त्यानं एक शब्द न बोलता तिचे दोन्ही हात आपल्या जाकिटाच्या खिशात घातले आणि दहा मिनिटं नदीकडे बघत दोर किती प्रकारचे असतात ते सांगत राहिला. तिला एकही प्रकार आठवत नव्हता. खिशाची ऊब मात्र आठवत होती.

खालच्या मजल्यावर ईल्दामावशी राहायच्या. केप व्हर्देच्या बेटांवरून आल्याला त्यांना चाळीस वर्षं झाली होती. याला प्रेम म्हणायचं का, असं तेओनानं त्यांना विचारलं.

"या डच लोकांचं प्रेम दोरासारखं असतं, पोरी," त्या मासा साफ करता करता म्हणाल्या. "ढिला असतो तोवर काही कळत नाही. ताण आला की कळतं."

"आणि तुटला तर?"

"तर बाजूला व्हायचं. त्याच्या फटक्यानं डोळे जातात."

नोव्हेंबर संपता संपता ताण आला. कचेरीनं तेओनाला बढती दिली. पण जागा स्पेनमधल्या वालेन्सिया बंदरात. जानेवारीपासून. हो की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं.

तिनं येल्लेला सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यानं कप बशीत तीनदा फिरवला.

"चांगली जागा आहे," तो म्हणाला. "ऊन असतं तिकडे."

"एवढंच?"

"निर्णय तुझा आहे, तेओना."

ती उठली, शाल गुंडाळू लागली, तेवढ्यात तो टेबलाकडे बघत म्हणाला, "रविवारी आईचा वाढदिवस आहे. दोन ते पाच. येशील?"

ती पुन्हा बसली.

घरी येऊन तिनं बातुमीला आईला फोन लावला. "जा म्हणतो, आणि आईकडेही नेतो. यातलं खरं काय धरू?"

"आईकडे नेतोय ना?" आई म्हणाली. "मग विचारायचं काय राहिलं? रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

रविवारी सकाळी तेओनानं सहा खाचापुऱ्या भाजल्या. आत चीज ठासून भरलेल्या, भाकरीएवढ्या, गरम गरम. डाळिंबी रंगाचा झगा घातला आणि टोपली मांडीवर घेऊन ती मेट्रोनं मासस्लाउसला पोचली. टगवाल्यांचं जुनं गाव ते. येल्ले स्टेशनवर उभा होता. झग्याकडे बघून म्हणाला, "हा रंग शोभतो." आणि कानापर्यंत लाल झाला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षं त्या शहरात राहून तेओना एकाही डच घराच्या आत गेली नव्हती. कचेरीत तिच्या आजूबाजूला फिलिपिनो, पोलिश, ग्रीक, शेजारी ईल्दामावशी. परदेशात राहणाऱ्यांचं असंच होतं. शहर ओळखीचं होऊन जातं, दारं मात्र बंदच राहतात.

घराच्या छताला रंगीत पताका होत्या आणि खोलीत खुर्च्यांचं मोठं गोल रिंगण. रिंगणात अकरा माणसं बशा मांडीवर घेऊन बसलेली. तेओना दारात आली आणि एकेक जण उठायला लागला.

"अभिनंदन," म्हणून काकांनी तिचा हात हातात घेतला.

"अभिनंदन," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"अभिनंदन, अभिनंदन." बहीण, मेहुणे, एक दाढीवाले गृहस्थ, सगळे. शेवटी येल्लेची तिनीमावशी, पंचाहत्तरीची, मांडीवर हातपर्स धरून बसलेली. तिनं तेओनाचे दोन्ही गाल चापटले आणि डोळे मिचकावून म्हणाली, "अभिनंदन हं, सासूबाईंबद्दल."

तेओनाच्या पायांखालची जमीन हलली. म्हणजे यांना सगळं ठाऊक आहे! त्यानं घरी सांगितलंय. मला सोडून सगळ्या जगाला सांगितलंय... किती वेडा मुलगा हा. 'निर्णय तुझा आहे' म्हणाला तो यासाठी.

तिनं येल्लेकडे पाहिलं. तो खुर्ची शोधत होता.

हानेकेबाईंनी, म्हणजे येल्लेच्या आईनं, खाचापुऱ्या आत नेल्या आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, काडी टोचून बाहेर आणल्या. सफरचंदाचा केक फिरला, कॉफी फिरली. हवेबद्दल बोलणं झालं. कुणीच पुढं काही बोलेना. तेओना वाट पाहत होती. अशा दिवशी कुणीतरी उठून चार शब्द बोलायला हवेत ना? तिच्या गावात पेला उंच धरून कुणी बोललं नाही, तर जेवणाला जेवण म्हणत नाहीत. तिला वाटलं, ही माणसं लाजरी आहेत. आता मलाच बोललं पाहिजे.

ती उठली. कॉफीचा कप उंच धरला.

"मी इथं एकटी आले होते," ती तिच्या खडबडीत डचमध्ये म्हणाली. "आज तुम्ही मला एका शब्दानं न विचारता आपली म्हटलंत. हानेकेबाई, आजपासून मी तुम्हाला आई म्हणेन. येल्लेला मी जपेन. मी वालेन्सियाला जाणार नाही, उद्याच तसं सांगते. या घराला दीर्घायुष्य लाभो."

आणि रीतीप्रमाणे तिनं कप एका दमात रिकामा केला. कॉफी कढत होती. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते गिळलं.

खिडकीबाहेरून एक जहाज सावकाश, फार सावकाश गेलं.

"लग्न ठरलंय?" काकांनी विचारलं. "मला कुणी कळवलं नाही."

"मलाही नाही," हानेकेबाई म्हणाल्या.

येल्ले उभा राहिला. "तेओना... आमच्याकडे वाढदिवसाला सगळेच सगळ्यांचं अभिनंदन करतात. आईचं, माझं, शेजाऱ्यांचं. जो आत येईल त्याचं."

"म्हणजे माझं नव्हतं?"

"तुझंही होतं. पण... आईच्या वाढदिवसाचं."

"मी आपली गंमत केली गं," तिनीमावशी पुटपुटली.

तेओनानं कप बशीत नीट ठेवला, कोट घेतला आणि बाहेर पडली.

घरामागं नदीचा उंच बांध होता. ती त्यावर चढून उभी राहिली. वाऱ्यानं झगा पायांना गुंडाळला जात होता. जीभ भाजली होती. गालही भाजत होते, पण कॉफीनं नव्हे. मागून पावलं वाजली. येल्ले आला होता, जाकीट न घालता.

"मला इथं का आणलंस?" तिनं वळून न बघता विचारलं.

"सोमवारी तू उत्तर देणार होतीस. त्याआधी तू यांना बघावंस असं वाटलं."

"बघून काय करायचं होतं?"

"ते... माझं ठरलं नव्हतं."

आता ती वळली. "सूप खारट आहे म्हणतोस. पिवळा शोभत नाही म्हणतोस. आणि जा की राहा, एवढं तुला सांगता येत नाही?"

"सूपचं सांगितलं तर तू फार तर मीठ कमी घालशील," तो म्हणाला. "हे सांगितलं तर नोकरी सोडशील. मग एखाद्या मंगळवारी बाहेर असाच पाऊस असेल, मी समोर बसलेला असेन आणि तुला वालेन्सियाचं ऊन आठवेल. तेव्हा तू माझ्याकडे कशी बघशील, त्याची भीती वाटते मला."

इतकी वाक्यं तो दोरांखेरीज कशाबद्दल बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"आणि मी गेले तर?"

"तर त्याहून वाईट." त्याचे ओठ थंडीनं निळे पडले होते. "थांब असं मला म्हणायचंय."

"म्हणायचंय, की म्हणतोयस?"

"म्हणतोय. थांब. माझ्याकडे... म्हणजे, या शहरात. म्हणजे नाही, माझ्याकडेच."

तिला हसू आलं आणि रडूही. आधी कशाला वाट द्यावी ते कळेना. "मला एकटीला सांगून भागायचं नाही," ती म्हणाली. "मी त्या रिंगणात उभी राहून बोलले. आमच्याकडे ज्याच्यासाठी पेला उचलला, त्यानं उठून उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं, तर बोलणारा उघडा पडतो."

"सगळ्यांसमोर?" येल्लेचा चेहरा उतरला. "तिनीमावशी आहे त्यात."

"मीही होते त्यात. एकटी."

तो वळला आणि बांध उतरायला लागला.

दोघं आत आली तेव्हा कुणीच केक खात नव्हतं. येल्ले रिंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यानं ते पाठीमागं धरले.

"लग्नाचं तेओना म्हणाली," त्यानं सुरुवात केली, "तसं काही ठरलेलं नाही."

तेओनानं डोळे मिटले.

"बाकी तिनं चुकीचं काही म्हटलं नाही. वालेन्सिया चांगली जागा आहे असं मी तिला म्हणालो. जागा चांगलीच आहे. पण तिनं तिकडे जाऊ नये असं मला वाटतं. मला ती... मला ती हवी आहे. आई, आज वाढदिवस तुझा आहे, माफ कर."

हानेकेबाईंनी केकची सुरी खाली ठेवली. "याच्या बापानं मला मागणी घातली ती नऊ शब्दांत," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "मी मोजले होते. हा तर फारच बोलका निघाला. बसा आता, कॉफी निवतेय."

पण रिंगणात एकच खुर्ची रिकामी होती. दोघंही तिच्यापाशी अवघडून उभी राहिली. तेव्हा तिनीमावशीनं हातपर्स उचलली, हुश्श करत उठली आणि पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसली. "या बाजूनं मला ऐकू चांगलं येतं," ती म्हणाली. काका खो खो हसले आणि थांबलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं.

दोघं शेजारी शेजारी बसली. त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं आणि तिथंच राहिलं.

"उद्या कचेरीत नाही म्हणून सांगते," ती हळूच म्हणाली.

"नक्की?"

"नक्की काहीच नाही," तेओना म्हणाली. "पण सांगते."