चक्र काढलेलं घड्याळ

हसायचं तर हसा, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. गेल्या महिन्यातला रविवार. दुपारचे तीन. आमच्या घरातली मागची छोटी खोली.

सुट्टीत जुनी घड्याळं दुरुस्त करायचा मला नाद आहे. "रिकामटेकडे उद्योग!" इति बायको. काम करताना मी पंखा बंद ठेवतो आणि दाराला आतून कडी घालतो. नाहीतर धूळ बसते, बारीक भाग उडून जातात.

बायको बाजारात गेली होती. अकरा महिन्यांची चिमी बाहेरच्या खोलीत झोपली होती.

टेबलावर आमच्या हेडक्लार्कांच्या वारलेल्या आईचं मनगटी घड्याळ होतं. मी त्यातलं झुलणारं चक्र काढून काचेखाली ठेवलं. ते काढलं की टिकटिक होणं शक्यच नाही.

आणि...

टिक. टिक. टिक.

कानाला लावलं. आवाज आतूनच येत होता!

तेवढ्यात चिमी रडायला लागली. मी धावत कडी ओढली...

कडी हलेना.

खांदा मारला, लाथ मारली. चिमीनं टाहो फोडला. "आलो गं बाळा, आलो!" मला दरदरून घाम फुटला.

मग ती एकदम गप्प झाली.

बाहेर कुणीतरी गुणगुणत होतं... म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"कोण आहे?"

गुणगुणणं चालूच. दार बडवून हात सुजले. शेवटी काय वाटलं कोण जाणे, मी टेबलाशी बसलो. तिसऱ्या खेपेला चक्र बसलं.

गुणगुणणं थांबलं. कडी एका बोटानं सरकली.

पुढचं दार बंदच होतं. घरात कुणी नव्हतं. चिमी गाढ झोपली होती. तिचे गाल कुणीतरी पुसले होते. पांघरूण नीट खोचलं होतं.

सोमवारी घड्याळ परत द्यायला गेलो. हेडक्लार्कांनी हात मागे घेतला.

"राहू द्या तुमच्याकडेच. आमची मुलं आता मोठी झाली."

मी रोज सकाळी न चुकता चावी देतो. परवा ऑफिसनं चार दिवस बाहेरगावी जायला सांगितलं, मी सपशेल नकार दिला. साहेब तापले. तापू देत.

मी नसताना घड्याळ थांबलं आणि चिमी घरात एकटी पडली तर?

एकटी पडणार नाही, हीच तर भीती आहे.